बॅले लक्षात ठेवायचं: ठरलेला सिलॅबस की रोज नवी बांधणी?

पणजी-मडगावात मुलीला बॅलेला घालण्याआधी वर्ग कोणत्या पद्धतीने चालतो, ते विचारा. फीपेक्षा हा प्रश्न मोठा.

१९२० साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या रॉयल अकॅडमी ऑफ डान्सच्या ग्रेड परीक्षांत व्यायाम नेमून दिलेले असतात. इटालियन बॅलेशिक्षक एन्रिको चेकेटी यांनी तर आठवड्याच्या वारांप्रमाणे व्यायाम लावून दिले होते. तेच प्लिए (गुडघे वाकवणं), तेच टॉन्ड्यू (पाय जमिनीवरून ताणत नेणं) पुन्हा पुन्हा केले की क्रम अंगात मुरतो. मग लक्ष उरतं ते दुरुस्तीसाठी: टर्नआउट, म्हणजे पाय बाहेरच्या दिशेला वळवणं, खुब्याच्या सांध्यातून येतंय ना, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत आहे ना.

दुसरीकडे ओपन क्लास. शिक्षक नवं कॉम्बिनेशन, म्हणजे स्टेप्सचा जोडलेला क्रम, एक-दोनदा दाखवतात, मुली हातांनी खुणा करत ते मनात बसवतात आणि लगेच संगीत सुरू. खरी कसोटी तोच क्रम डाव्या बाजूने करताना लागते. उजवी बाजू नक्कल करूनही जमते. डावी मात्र समजल्याशिवाय जमत नाही. ऑडिशनलाही हेच पारखतात. कथकात पढंत (बोल तोंडाने म्हणणं) केलेल्या मुलींना इथे फायदा होतो, असं मला वाटतं. मोजत, म्हणत पाठ करायची सवय त्यांना असते.

माझं मत स्पष्ट आहे: पहिली काही वर्षं सिलॅबस, तोही चुका हाताने सुधारणाऱ्या शिक्षकाकडे. पाया बसला की आठवड्यातून एक ओपन क्लास जोडा. घरी लादीवर क्रम नुसता आठवून पाहा. उड्या लवचीक लाकडी फ्लोअरवरच.