घरगुती लेझर कटर: दहा महिन्यांनंतर (लांबलचक आहे, चहा घेऊन बसा)

मागच्या डिसेंबरात घेतलं होतं, आता नवरात्र उरकलं, म्हणजे दहा महिने धरा. घेताना मी जे शोधत होते ते मला कुठेच मिळालं नव्हतं. व्हिडिओवाले सगळे खोका उघडतात, एक वाघाचा फोटो लाकडावर जाळून दाखवतात आणि "जबरदस्त मशीन" म्हणून मोकळे होतात. सहा महिन्यांनी ते मशीन माळ्यावर गेलंय की चालू आहे हे कोणी सांगत नाही. म्हणून हे लिहितेय.

आधी माझ्याबद्दल. मी इंजिनियर वगैरे नाही, बँकेत नोकरी करते, हाताला कागदकामाची सवय शाळेपासूनची. कटर, स्टीलची पट्टी, फेविकॉल, बस. कॉम्प्युटरवर डिझाइन हा प्रकार लॉकडाऊनमध्ये इंकस्केपवर शिकले, फुकट आहे आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालतं म्हणून. मशीन १० वॉटचं डायोड लेझर, बेड (म्हणजे कापायची जागा) ४०० बाय ४०० मिमी, २८ हजारांच्या आसपास पडलं. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण ह्या किमतीतली सगळी मशिनं आतून सख्खी भावंडंच आहेत, तीच ॲल्युमिनियमची चौकट, तेच बेल्ट, तीच चाकं. फक्त एक बघून घ्या, जाहिरातीत मोठ्या अक्षरात ४० वॉट लिहिलेलं असतं ते मशीन खातं त्या विजेचं, लेझरमधून बाहेर पडतात १०च. मी फसले नाही, पण माझ्या ऑफिसातला एक जण ५ वॉटवालं "२० वॉट" समजून घेऊन बसलाय आणि आता त्यावर फक्त कीचेन करतो.

असल्या मशिनीचं वेड कुठून लागलं तर पाबळहून. तिथे विज्ञान आश्रम आहे, १९८३ साली डॉ. कलबागांनी सुरू केलेला, आणि अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या बाहेर ज्या सुरुवातीच्या फॅब लॅब (म्हणजे कोणीही जाऊन मशिनींवर वस्तू बनवू शकेल अशा कार्यशाळा) निघाल्या त्यातली एक २००२ मध्ये तिथे निघाली. शिरूर तालुक्यातल्या गावात! मी खूप वर्षांपूर्वी गेले होते, पोरं स्वतः वस्तू बनवताना बघितली आणि तेव्हापासून डोक्यात किडा. पण त्यामुळेच माझा एक मोठा गैरसमज पण झाला. फॅब लॅबमधलं मोठं लेझर असतं सीओटूचं, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूवरचं, ते पारदर्शक ॲक्रिलिक लोण्यासारखं कापतं, मला वाटलं आपलंही कापेल. माझ्या डायोडचा प्रकाश निळा आणि निळा प्रकाश पारदर्शक ॲक्रिलिकमधून सरळ आरपार जातो, काच असल्यासारखा. पहिल्याच आठवड्यात ॲक्रिलिकचा शीट ठेवला, मशीन पंधरा मिनिटं इमानदारीत फिरलं, शीटवर ओरखडासुद्धा नाही आणि खालचा पाट मात्र जळून काळा. काळं ॲक्रिलिक कापतं, पारदर्शक नाही म्हणजे नाही. ट्रॉफी आणि एलईडीचे नाइट लॅम्प करायचे म्हणून घेणार असाल तर इथेच थांबा.

आता मुख्य मुद्दा, मराठी अक्षरं. हे कुठल्याच रिव्ह्यूत नसतं आणि मी तर घेतलंच नेमप्लेटसाठी.

पहिली ऑर्डर आत्याची, घरचीच. गावाकडे बंगला बांधला, नाव शिवगंगा, दारावर लाकडात कापलेलं नाव पाहिजे. इंकस्केपमध्ये छान जाडसर फॉन्टमध्ये टाइप केलं, पाथमध्ये (म्हणजे अक्षरांच्या कडांच्या रेघांमध्ये) बदललं, दिलं मशीनला. बाहेर काय आलं, तर शि, व, ग, गा असे सुटे चार तुकडे. कारण स्क्रीनवर शिरोरेखा एकसलग दिसते ती प्रत्यक्षात प्रत्येक अक्षराची वेगळी असते, एकावर एक जराशी चढलेली, आणि लेझर बिचारं जिथे रेघ दिसेल तिथे कापतं. सगळी अक्षरं निवडून युनियन करायचं असतं, मग पूर्ण शब्दाची मिळून एकच बाहेरची कड राहते. हे कळायला माझा एक रविवार आणि तीन शीट गेले. पण कळल्यावर लक्षात आलं की इंग्रजी नेमप्लेटवाल्यांपेक्षा आपण सुखी आहोत, त्यांचं प्रत्येक अक्षर सुटं पडतं, मागे पट्टी लावा, ओळीत चिकटवा. आपली शिरोरेखा अख्खा शब्द धरून ठेवते, उचलला आणि भिंतीला लावला.

दुसऱ्या वेळी सगळं मस्त निघालं, पॉलिश केलं, कुरियर केलं, आत्याने दारावर लावून फोटो पाठवला आणि खाली मेसेज, "अगं, गंगेचा अनुस्वार कुठे वाहून गेला?" बघते तर खरंच शिवगगा. अनुस्वार कशालाच चिकटलेला नसतो ना, कापला की टुपकन खाली. माझा अनुस्वार बेडच्या मधाच्या पोळ्यासारख्या जाळीतून घरंगळून ट्रेमध्ये जाऊन पडला होता, शेंगदाण्याएवढा ठिपका, आणि मी तो भुशाबरोबर फेकून दिला. आता मी अनुस्वार जरासा खाली ओढून शिरोरेखेत बुडवते, थोडा बेढब दिसतो, पण पळून जात नाही. चंद्रबिंदू, विसर्ग, सगळ्यांचं हेच. आणि रांगोळीचा छाप (अक्षरांच्या जागी भोकं) करत असाल तर उलटं दुखणं, तिथे व आणि ब चं पोट गळून पडतं, त्याला दोन बाजूंनी बारीक पूल ठेवावे लागतात, शिवाय शिरोरेखेची लांब फट पडली की अख्खा शीट लुळा होतो म्हणून ती मध्ये मध्ये तोडायची.

अजून एक, लेझर चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये थेट मराठी टाइप करायच्या भानगडीत मी पडत नाही. मी वापरते त्यात जोडाक्षरं फुटली, "श्री" चा "श् री" झाला. सगळं इंकस्केपमध्ये करा, पाथ करा आणि मगच पाठवा. फ्लेक्सवाल्याकडून आणलेली जुनी फाइल तर उघडूच नका, त्यांचे फॉन्ट युनिकोड नसतात, गणपतीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी येते.

मालाबद्दल. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा गोंदात दाबून केलेला बोर्ड, मी पुण्याच्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणते, ८ बाय ४ फुटी शीट, तिथेच तुकडे करून घेते. हिशेबाने १६ इंची १८ तुकडे निघतात, पण त्यांच्या करवतीचं पातं दर कापाला तीनेक मिमी खातं, आणि १६ इंच म्हणजे ४०६ मिमी, माझ्या बेडपेक्षा तसेही जरा मोठेच, म्हणून साडेपंधरा सांगा आणि वाद टाळा. "३ मिमी" वर विश्वास ठेवू नका. व्हर्नियर घेऊन मोजा, मला २.७ पासून ३.२ पर्यंत सगळं मिळालंय. खाचा घालून जोडायची पेटी असेल तर ह्यानेच वाट लागते, एक तर खाचा ढिल्या, नाही तर हातोडी. लेझर स्वतः पण कागदाएवढी रेघ खातंच, माझ्याकडे साधारण ०.१५ मिमी, त्यातही उभ्या आणि आडव्या रेघेत किंचित फरक पडतो कारण डायोडचा ठिपका गोल नसून लांबट असतो. म्हणून मी प्रत्येक नव्या शीटच्या कोपऱ्यात आधी चार खाचा कापून बघते, २.९, ३, ३.१, ३.२, जी गच्च बसेल ती. पाच मिनिटांचं काम, पण कंटाळा केला की हमखास नडतं.

प्लायवूड दिसायला सुंदर पण स्वस्त प्लायच्या आत गाठी आणि भरलेली पोकळी असते, तिथे लेझर अडतं आणि नेमका तोच तुकडा खालून सुटत नाही. सनबोर्ड बिलकुल नाही. बहुतेक सनबोर्ड म्हणजे पीव्हीसी, जाळला की क्लोरीनवाला धूर, तुमच्या फुप्फुसांचं वाटोळं आणि मशीनला गंज. रेक्झिनचंही तेच. दुकानदार "सगळं कटतं ताई" म्हणेल, ऐकू नका.

गणपतीच्या मखराचा प्रसंग सांगायलाच हवा. २०१८ च्या बंदीनंतर थर्माकोल गेलं आणि आमच्याकडे दरवर्षी साडीचा पडदा लावून वेळ मारून नेत होते, तर यंदा म्हटलं एमडीएफचं घडीचं मखर करू. ४०० मिमीच्या बेडवर कमान काय बसणार, म्हणून पाच भागात, जिगसॉसारख्या खाचांनी अडकणारी. उत्साहात मे महिन्यातच सगळं कापून, जोडून बघून, परत सोडवून गॅलरीत ठेवलं. ऑगस्टमध्ये काढलं तर एकही खाच बसेना. पावसाची हवा पिऊन एमडीएफ फुगलं होतं, वर दोन पाकळ्या पापडासारख्या वाकलेल्या. हरतालिकेच्या रात्री एक वाजेपर्यंत मी आणि नवरा पॉलिश पेपरने खाचा घासत बसलो होतो. दिसलं सुंदर, ते सोडा. पण आता कापल्या कापल्या दोन्ही बाजूंनी सँडिंग सीलरचा (लाकडाची छिद्रं बुजवणाऱ्या लेपाचा) हात मारते आणि माल पलंगाखाली, प्लास्टिकमध्ये.

धूर आणि वास. हे हलक्यात घेऊ नका. एमडीएफ जळल्याचा वास पडद्यात चार दिवस राहतो आणि तो नुसता लाकडाचा नाही, त्यातला गोंदही जळतो. सुरुवातीला मी खिडकी उघडी ठेवून पंखा लावायचे, वरच्या मजल्यावरच्या काकू खाली आल्या, "काही करपलंय का गं?" तिसऱ्यांदा आल्या तेव्हा चेहऱ्यावर गं नव्हतं. मग पुठ्ठ्याचा खोका करून मशीन त्यात, आणि नंतर शहाणपण सुचून पत्र्याचा, त्याला ६ इंची डक्ट फॅन आणि पाइप खिडकीबाहेर. साडेचार हजार अजून. बजेट करताना हे धराच. एअर असिस्टचा पंपही धरा, त्याच्या फुंकरीने ज्योत धरत नाही आणि कड काळी पडत नाही. पुठ्ठा कापताना एकदा पेटला होता, बोटभरच ज्वाळा, मी समोर होते म्हणून ओलं फडकं टाकून विझवला. तेव्हापासून नियम, मशीन चालू असताना खोली सोडायची नाही, कुकर झाला तरी. चष्मा मशीनबरोबर येतो तो वापरा, आणि घरात मांजर असेल तर दार बंद.

बिघाड म्हणाल तर तीन. एक, पाचव्या महिन्यात कापणं कमी झालं, मी वेग कमी करत गेले, फेऱ्या वाढवत गेले, मशीनच्या नावाने बोटं मोडली, शेवटी लेन्स बघितली तर काजळी. इअरबड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, दोन मिनिटांत पूर्वीसारखं. दोन, वर्तुळं अंडाकृती यायला लागली, ५० मिमीचं वर्तुळ एका बाजूने ४९.२. बेल्ट ढिला. तीन, ॲडॉप्टर उडाला, आणि विकणाऱ्याने दुसरा पाठवायला पाच आठवडे लावले, रोज "डिस्पॅच झालाय मॅडम". लाइट गेली की चालू काम गेलंच समजा, आणि लॅपटॉपचं स्लीप बंद ठेवा, माझा एकदा तीस मिनिटांच्या कामात सत्ताविसाव्या मिनिटाला झोपला.

वेळेचं गणित पण सांगते, लोकांना वाटतं बटण दाबलं की वस्तू बाहेर. मी ३ मिमी एमडीएफ मिनिटाला २०० मिमीने कापते. कंदिलाच्या एका जाळीदार पाकळीत सहा मीटर रेघ असेल तर अर्धा तास, सहा पाकळ्यांना तीन तास. त्याच्या आधी डिझाइनच्या दोन रात्री, नंतर मास्किंग टेप सोलणं (वरून टेप लावली नाही तर धुराचे डाग), कडा घासणं, रंग, आतून ट्रेसिंग पेपर. पाकळ्यांच्या जाळीतले बारीक तुकडे टाचणीने ढकलून काढायचं काम सासूबाईंकडे आहे, टीव्ही बघता बघता तीन पाकळ्या करतात, त्यांना त्याचा नाद लागलाय. म्हणजे हातकाम वाचलं का, तर नाही. फक्त जे काम माझ्याने कधीच सरळ झालं नसतं तेवढं मशीनने घेतलं.

पैसे सुटले का? मशीन, फॅन, पंप, शीट, वाया गेलेलं धरून चाळीसच्या पुढे गेलं. नेमप्लेट सव्वीस विकल्या, सगळ्या ओळखीत. अजून सात-आठ हजार सुटायचेत. धंदा म्हणून घेणाऱ्यांनी हा आकडा बघा. छंद म्हणून, आणि वेगळी खोली किंवा बंद गॅलरी असेल तर घ्या, मी परत हेच घेईन. वन बीएचकेमध्ये लहान मूल असेल तर नको.

सध्या दिवाळीचे कंदील चालू आहेत. पहिला एमडीएफचा केला तो सव्वा किलो भरला, गॅलरीच्या हुकाला लावायची हिंमत होईना, तो हॉलमध्ये टेबलावर बसलाय. बाबा कामट्यांचा करायचे तो माझ्या करंगळीवर तोलायचा. म्हणून आता जाड कार्डशीटचा, त्यात जाळी बारीक येते आणि वजन नाही. खालच्या झिरमिळ्या मात्र मशीनला जमल्या नाहीत, पतंगी कागद पंपाच्या फुंकरीनेच उडून गेला, एक तर पंख्याच्या पाइपात जाऊन अडकला. त्या शनिवारी सासूबाई आणि मी कात्रीने कापणार आहोत, खळ त्या सकाळीच शिजवून ठेवणारेत.