शिट्टी की झेंडा?

फुटबॉलचा रेफरी व्हायचं ठरवलं की पुढे दोन वाटा फुटतात: शिट्टीवाला मधला रेफरी की झेंडेवाला कडेचा सहायक. नाव शिट्टीवाल्याचं होतं, शिव्याही त्यालाच. 2010 च्या विश्वचषक अंतिम सामन्यात इंग्लंडच्या हॉवर्ड वेब यांनी 14 पिवळी कार्डं काढली. तरी लोकांना आठवते ती नेदरलँड्सच्या डी याँगने स्पेनच्या खेळाडूच्या छातीवर मारलेली लाथ, कारण तिथे मैदानाबाहेर काढणाऱ्या लालऐवजी ताकिदीचं पिवळंच निघालं. मधे कोणीतरी आडवं आलं आणि नीट दिसलंच नाही, असं वेब यांनी नंतर सांगितलं. मैदानभर सतत पळायचं, वर दृष्टीची रेषाही मोकळी ठेवायची!

झेंडेवाल्याचं पळणं कमी, पण विचित्र. पास सुटताना हल्लेखोर शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या पुढे, म्हणजे ऑफसाइड, आहे का ते पाहायला त्या बचावपटूच्या रेषेत राहायचं, त्यासाठी बाजूबाजूने सरकायचं, मधेच सुसाट सुटायचं. पास सुटतो तो क्षण आणि हल्लेखोर कुठे होता, दोन्ही एकाच वेळी टिपायचं. चुकलं तर? त्याच स्पर्धेत मेक्सिकोविरुद्ध अर्जेंटिनाच्या तेवेझचा उघड ऑफसाइड गोल मान्य झाला आणि मैदानातल्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांनी तो पाहिला. आता व्हीएआर (व्हिडिओ पाहून निर्णय तपासायची सोय) असल्यामुळे चुरशीच्या प्रसंगी झेंडा जरा थांबवूनच वर करतात.

झेंडा म्हणजे दुय्यम, असं मात्र कोणी समजू नये. फिफा या फुटबॉलच्या जागतिक संघटनेची सहायकांची यादी वेगळी असते. गोव्याच्या उवेना फर्नांडिस 2016 मध्ये जॉर्डनला मुलींच्या 17 वर्षांखालील विश्वचषकात पोचल्या, त्या झेंडा घेऊनच. भांडकुदळ खेळाडूंना नजरेनेच गप्प करता येत असेल तर शिट्टी घ्या. माझ्यासारख्या भिडस्ताला कडेची रेषाच बरी.