घरगुती भूकंपमापक : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

कराडमधील आमच्या घरात, जिन्याखालच्या कोपऱ्यात, जिओफोन (जमिनीची हालचाल विजेच्या संकेतात बदलणारा संवेदक) बसवलेला एक छोटा भूकंपमापक गेले आठ महिने चालू आहे. सुरुवातीला तो मी लाकडी कपाटात ठेवला होता. तेव्हा आलेखावर पाण्याची मोटर, मिक्सर आणि मुलांची धावपळ यांखेरीज काही उमटत नसे. फरशी काढून तो खालच्या काँक्रीटवर घट्ट बसवल्यापासून रात्रीचे आलेख वाचता येऊ लागले.

एका पहाटे आधी बारीक थरथर उमटली आणि सहा सेकंदांनी रेघ एकदम रुंदावली. पहिली पी लहर, म्हणजे भूकंपाची आधी पोहोचणारी लहर; दुसरी एस लहर, म्हणजे तिच्या मागून येणारी. खडकातून पी लहर सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर जाते आणि एस साडेतीन, त्यामुळे दोहोंमधील सेकंदांना आठने गुणले की भूकंप किती दूर झाला, हे ढोबळमानाने कळते. उत्तर ४८ किलोमीटर आले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या कोयना भूकंपाची हकिगत आईकडून ऐकत मोठा झालेला मी लगेच ‘कोयना’ म्हणालो. तथापि तेवढ्याच त्रिज्येच्या वर्तुळाच्या आसपास सातारा शहरही येते. एकटे यंत्र अंतर सांगते, जागा सांगत नाही. त्यासाठी किमान तीन ठिकाणची वर्तुळे एकमेकांना छेदावी लागतात.

येथेच घड्याळाचे महत्त्व कळते. वीज जाऊन आल्यावर इंटरनेट नसेल, तर आमच्या यंत्राची वेळ चुकते. अंतर तरीही बरोबर निघते, कारण ते दोन लहरींमधील फरकावर अवलंबून असते. पण इतर केंद्रांच्या नोंदींशी मेळ घालताना एका सेकंदाची चूक म्हणजे पी लहरीची सहा किलोमीटरची चूक.

परिमाणाबाबत, म्हणजे भूकंप किती मोठा हे सांगणाऱ्या आकड्याबाबत, माझा मोठा गैरसमज दूर झाला. आलेखाची उंची अंतराशिवाय निरर्थक आहे. रिश्टर यांनी १९३५ मध्ये ठरवलेल्या मापात १०० किलोमीटरवरील ठरावीक यंत्रावर एक मिलिमीटरची रेघ उमटली, तर परिमाण ३ धरतात. पुढच्या प्रत्येक अंकाला रेघ दहापट आणि ऊर्जा सुमारे बत्तीसपट वाढते. मोठ्या भूकंपांसाठी आता भ्रंशाचे (खडक जिथे तुटून सरकतात त्या भेगेचे) क्षेत्रफळ, त्यावरील सरकण आणि खडकाचा ताठरपणा यांवरून परिमाण काढतात. त्यासाठी संथ, म्हणजे सावकाश हेलकावणाऱ्या लहरी लागतात आणि त्या माझ्या जिओफोनला नीट टिपता येत नाहीत, म्हणून दूरच्या मोठ्या भूकंपाचा आकडा यावरून काढू नये.

हे यंत्र केवळ उभी हालचाल टिपते, त्यामुळे एस लहरीची सुरुवात अनेकदा पी लहरीच्या शेपटीत हरवते. नव्याने घेणाऱ्यांनी खर्च सोसत असेल तर तिन्ही दिशांची हालचाल टिपणारे यंत्रच घ्यावे आणि त्याला जीपीएसचे घड्याळ व बॅटरी पहिल्याच दिवशी जोडावी.