‘जिवंत जंतूं’चे डबे विकणारं शिबिर

मे महिन्यात, चाकरमानी गावी आले असताना, देवगड तालुक्यातल्या आमच्या वाडीत देवळाच्या सभामंडपात मोफत आरोग्य शिबिर भरलं. काकांच्या हातात धातूची दांडी दिली, लॅपटॉपवर रंगीत पट्टे उमटले आणि निदान झालं: आतड्यातले चांगले जंतू संपलेत, मधुमेह त्यामुळेच. दांडी धरून आतड्यातले जंतू कळत नाहीत, हे तिथे सांगणार कोण? काकांनी ९,००० रुपये रोख मोजून ‘जिवंत जंतूं’चे तीन डबे घेतले. पावती नाही.

पैसे गेले ते गेले. खरा घात पुढे झाला. विक्रेत्याने सांगितलं: ‘मधुमेहाच्या गोळ्यांनी हे जंतू मरतात, त्या बंद करा. आधी त्रास वाढेल, तो वाढला म्हणजे गुण येतोय.’ काका तहान, थकवा सगळं सोसत राहिले. ‘माका वाटला, गुण येताहा.’ साखर ४००च्या वर गेली तेव्हा कणकवलीला ॲडमिट केलं. माणूस थोडक्यात वाचला, आणि त्या वाक्याचा संताप अजून जात नाही.

जंतूंचे उपचार खोटे नाहीत. अँटिबायोटिकनंतरच्या जुलाबावर डॉक्टर सॅकरोमायसिस बौलार्डी हे यीस्ट देतात. विक्रेता ‘अमेरिकेत मान्यता आहे’ म्हणत होता, तेही हवेतलं नव्हतं: निरोगी माणसाच्या विष्ठेतल्या जंतूंपासून केलेल्या औषधाला तिथे २०२२मध्ये परवानगी मिळाली. पण ती सी. डिफिसिल नावाचा आतड्याचा संसर्ग उलटू नये यासाठी, दात्याची कसून तपासणी करून. २०१९मध्ये तिथेच अशा विष्ठा-उपचारातून औषधांना न जुमानणारे जंतू शिरून एक रुग्ण दगावला होता. मधुमेहाच्या गोळ्या सोडायला त्यात काहीच आधार नाही.

आमच्या डब्यावर ‘५० अब्ज जिवंत जंतू’ एवढंच. कुठली जात, कुठला वाण, काही नाही. कधीपर्यंत जिवंत राहतील ती तारीखही नाही. अशा डब्यांत सहसा असणारे लॅक्टोबॅसिलस जंतू बहुतेक उष्णतेने आणि दमटपणाने मरतात, आणि हे डबे मे महिन्याच्या उन्हात गाडीच्या डिकीत होते. अन्न परवान्याचा क्रमांक १४ आकडी असतो. यावर ११ आकडे.

अन्न व औषध प्रशासनाकडे डबे दिलेत, ग्राहक हेल्पलाइन १९१५वरही तक्रार नोंदवली. तोच लॅपटॉप आता मालवणकडे फिरतोय असं ऐकतो. तुमच्याकडे आला तर डब्याचा फोटो काढा, पावती मागा, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या रोजच्या गोळ्या चालू आहेत ना, हे त्याच दिवशी बघा.