डीबीए ३.० वापरून झाल्यावर: बाकी ठीक, पण वळणाचं काय?

पट्टी मोडली म्हणून लिहायला बसलो, नाहीतर तूर सोंगायच्या दिवसांत वेळ कोणाला आहे! डीबीए म्हणजे जुन्या काळच्या लढाया छोट्या बाहुल्यांनी पाटावर खेळायचा खेळ; त्याच्या नियमांच्या पुस्तकासोबत हौसेनं मागवलेली अंतर मोजायची ॲक्रिलिकची पट्टी खाचेपाशी उभी तडकली. विकणाऱ्याला फोटो पाठवले, तर म्हणे पार्सल उघडतानाचा व्हिडिओ पाठवा. आमच्या गावात कुरिअर येतच नाही. तेल्हाऱ्यात एका कटलरीच्या दुकानात टाकून जातो. व्हिडिओ काय त्याच्या काउंटरवर काढायचा होता? पैसे बुडाले. आता जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर ४० मिलिमीटरच्या खुणा करून काम चालू आहे. फुकटची पट्टी, आणि थोडी वाकते म्हणून गर्दीत जास्त बरी बसते.

खेळ थोडक्यात असा: बारा तुकड्या, एक फासा, तासाभरात निकाल. लढाईच्या आकड्यांबद्दल माझी तक्रार नाही. माझं डोकं खाल्लं ते व्हीलनं, म्हणजे रांग वळवायच्या नियमानं.

रांग वळवायची तर पुढचा एक कोपरा जागेवर रोवायचा आणि बाहेरचा कोपरा जेवढा सरकेल तेवढी चाल धरायची. खळ्यात पात चालते तेव्हा तिवड्याजवळचा बैल जागच्या जागी पाय टाकतो आणि कडेचा धापा टाकतो, तसंच हे. पंधरा मिलिमीटरच्या बाहुल्यांत एका तुकडीचा पाया ४० मिमी रुंद. चार तुकड्या शेजारी लावल्या की १६० मिमीची रांग. दाट रचनेच्या भालाईतांची चाल दोन पाये, म्हणजे ८० मिमी. हिशेब करून पाहा, काटकोनात वळायला तीन चाली पुरत नाहीत, चौथी लागतेच. तोवर समोरचा घोडेस्वार बगलेत येऊन टेकतो, आणि बगलेला शत्रू असताना तुकडी मागे रेटली गेली की हटायला जागा नाही, सरळ उचलून डब्यात. आणि तीच तुकडी एकटी असेल, शत्रूच्या तोंडाशी नसेल, तर? चालीच्या आत कुठंही जा, वाटेल तिकडं तोंड करून थांबा. चौघं हात धरून निघाले की अडले, एकटा मात्र मोकळा. पावसाळाभर मी याला अन्यायच म्हणत होतो.

मत फिरलं ते देवगिरीच्या डावात. १२९६ मध्ये अलाउद्दीन एलिचपूरवरून, म्हणजे आपल्या अचलपूरवरूनच, देवगिरीवर गेला. आमच्या शाळेतल्या सरांनी तो घेतला, मी यादव. माझ्या फाशावर पडला एक. एक पिप, म्हणजे एकच हालचाल. पण रांग अखंड होती, त्यामुळे चारही तुकड्या तेवढ्यात हलल्या. सरांनी आपले घोडेस्वार चार दिशांना मोकळे सोडलेले, आणि त्यांना पडले दोन. दोघं हलले, दोघं नुसते उभे. म्हटलं, "काहून सर, आता नाही वळत का तुमचा घोडा?" सरांनी चहा सांगितला.

तेव्हा कळलं, वळायची खरी किंमत फाशात वसूल होते. दोन तुकड्यांची रांग एका चालीत साठेक अंश वळते, चारची तिशीही गाठत नाही. एकामागे एक लावलेली ओळ तर पुढचीच्या मागोमाग वाकत जाते. म्हणून आता माझं पायदळ जोडीजोडीनं उभं असतं. पिप जास्त जातात, जाऊ दे. व्हीलच्या नियमाला माझ्याकडून आता पूर्ण गुण.

पूर्ण म्हणजे, असईची लढाई सोडून. हे नियम इ.स. १५०० च्या आसपासच्या लढायांपाशी थांबतात, हे मान्य. पण दुसरं पुस्तक घ्यायला पैसे कोण देतो? आणि आम्ही राहतो अडगावच्या शेजारी, जिथं २९ नोव्हेंबर १८०३ ला नागपूरकर भोसल्यांची फौज इंग्रज सेनापती वेलस्लीशी लढली. म्हणजे त्या मोहिमेचे डाव मांडल्याशिवाय चालायचं नाही. त्याआधी २३ सप्टेंबरला असईत शिंद्यांचं कवायती पायदळ केळणा नदीकडं तोंड करून उभं होतं. वेलस्ली पिंपळगावजवळ नदी उतरून बगलेवर आला, तर शिंद्यांचा सेनानायक पोलमननं सगळा मोर्चा काटकोनात फिरवला. वेलस्लीही चकित झाला, आणि जिंकूनही त्याची दीड हजारांवर माणसं मेली नाहीतर जखमी झाली. आमच्या पाटावर व्हीलनं हेच करायला गेलो तर इंग्रज येऊन जेवून जातील तरी शिंद्यांची रांग अर्ध्यातच!

मग घरचा नियम केला: कवायती पलटण असेल तर दोन पिप जास्त मोजायचे आणि प्रत्येक तुकडी जागच्या जागी काटकोनात फिरवायची, अट एवढीच की शत्रू दोन पायांच्या आत नको. सरांचं म्हणणं, मग हीच सवलत वेलस्लीच्या पलटणींनाही द्या, त्या काय कवायतीत कमी होत्या? मी म्हणतो, द्या, पण नदी उतरलेल्या चालीत नाही. यावर आमचं अजून जमलेलं नाही, म्हणून असईचा डाव गेल्या रविवारपासून कपाटावर तसाच मांडून ठेवलाय.