ईसीयू ट्यूनिंगसाठी लॅपटॉप : टफबुक सीएफ-३१ की थिंकपॅड टी४८०?

गाडीच्या ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या संगणकात, नवी फाइल लिहिली जात असताना लॅपटॉप मध्येच बंद पडला, तर ईसीयू निकामी होऊ शकतो. म्हणून वेगवान प्रोसेसरपेक्षा खात्रीची बॅटरी आणि घट्ट बसणारे पोर्ट मी अधिक महत्त्वाचे मानतो.

जुन्या बाजारात मिळणारा पॅनासोनिकचा टफबुक सीएफ-३१ मॅग्नेशियमच्या कवचाचा असून धूळ व पाण्यापासून आयपी६५ दर्जाचे संरक्षण देतो. त्याचा पडदा भर उन्हातही वाचता येतो आणि जुन्या स्टँडअलोन (कंपनीच्या ईसीयूऐवजी वेगळ्या बसवलेल्या) ईसीयूंना लागणारा सीरियल पोर्ट त्यात मुळातच असल्याने यूएसबी कन्व्हर्टरच्या ड्रायव्हरची कटकट उरत नाही. मात्र त्याचे वजन पावणेचार किलोंच्या आसपास आहे, आणि १०२४ × ७६८ पिक्सेलच्या पडद्यावर इंधनाचा तक्ता, लॉगचा (गाडी चालू असताना नोंदवलेल्या माहितीचा) आलेख व सेन्सरची आकडेवारी एकत्र मांडताना फार दाटी होते.

२०१८ चा लेनोवो थिंकपॅड टी४८० त्याच्या निम्म्याहून हलका आहे. आतील बॅटरी चालू ठेवून बाहेरची बदलता येते, ही सोय रस्त्यावर लॉगिंग करताना फार मोलाची ठरते. कीबोर्डवर थोडे पाणी सांडले तर तो तग धरतो, पण ऑइलने माखलेल्या हातांसाठी आणि काँक्रीटवर आपटण्यासाठी तो बनवलेला नाही.

डायनोच्या (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या) खोलीत टेबलावर काम होत असेल, तर मी टी४८० घेईन. रॅलीच्या पिटमध्ये किंवा उघड्या बॉनेटशेजारी दिवस जात असेल, तर सीएफ-३१.