सॉयर स्क्वीझ: परदेशातल्या स्वयंसेवी मुक्कामात रोजच्या पाण्यासाठी कितपत उपयोगी?

कंपनीतर्फे चार-सहा आठवडे परदेशात स्वयंसेवी कामाला जायचं ठरलं की लॅपटॉप, अडॅप्टर, व्हिसाचे कागद यांची यादी होते. पाण्याचं बघायचं राहतं ते तिथे पोहोचेपर्यंत. पहिले दोन-तीन दिवस विकतच्या बाटल्यांवर निघतात. मग दात घासायला, गोळी घ्यायला, कामाच्या ठिकाणी, रात्री उशाशी, जिथे तिथे बाटली लागायला लागते. उकाड्यात तर माणशी तीन लिटर सहज संपतात. अशा मुक्कामासाठी सॉयर स्क्वीझ हा मुठीत मावणारा फिल्टर जरूर घ्यावा, पण एकट्या त्याच्या भरवशावर राहू नये.

आत पोकळ तंतूंचा जुडगा असतो आणि त्याची छिद्रं 0.1 मायक्रॉनची (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). कॉलरा-टायफॉइडचे जिवाणू आणि जिआर्डिया, क्रिप्टोस्पोरिडियम हे पोट बिघडवणारे परजीवी त्यात अडकतात. विषाणू मात्र अडकत नाहीत. हेपॅटायटिस ए चा विषाणू जेमतेम 0.03 मायक्रॉनचा, म्हणजे आरपार. पाण्यात विरघळलेले क्षार आणि रसायनंही तशीच खाली येतात. डोंगरातल्या झऱ्यावर विषाणूंची फारशी फिकीर नसते. वस्तीतल्या नळाला मात्र सांडपाणी मिसळलेलं असू शकतं, आणि स्वयंसेवकांचा मुक्काम असतो वस्तीतच.

म्हणून गाळलेल्या पाण्यात क्लोरीनची गोळी टाकायची. पाकिटावर जितक्या लिटरला एक म्हटलं असेल तितक्याच पाण्यात टाकून अर्धा तास थांबायचं. आधी गाळणं, मग गोळी, हा क्रम उलटवू नका. गढूळ पाण्यातली घाणच क्लोरीन खाऊन टाकते आणि जंतूंसाठी पुरेसं उरत नाही. नुसत्या गोळीनेही भागत नाही, कारण क्रिप्टोस्पोरिडियम क्लोरीनला दाद देत नाही. हेपॅटायटिस ए आणि टायफॉइडच्या लसी निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी घ्याव्यात, हेही यातच आलं.

वापर सोपा आहे. फिल्टरसोबतची पिशवी नळाखाली भरायची, फिल्टर तिच्या आट्यांवर बसवायचा, पहिला घोटभर पाण्याचा ओघ टाकून द्यायचा आणि बेताने दाबत राहायचं. नवा असताना लिटरभर पाणी मिनिट-दोन मिनिटांत उतरतं. गढूळ पाणी आधी बादलीत तासभर निवळू द्यावं आणि वरचं तेवढं घ्यावं.

धार मंदावली की लोक जोर लावतात आणि पिशवी शिवणीला फुटते. या फिल्टरची सगळ्यात कच्ची बाजू ही पिशवीच. धार बारीक झाली म्हणजे फिल्टर धुवायला आला. सोबतची पिचकारी स्वच्छ पाण्याने भरून, पाणी जिथून बाहेर पडतं त्या टोकाला घट्ट लावायची आणि जोरात दाबायची. हळूहळू दाबलं तर पाणी मोकळ्या तंतूंतूनच वाट काढतं आणि बुजलेले बुजलेलेच राहतात. उलट बाजूने येणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत तीन-चार वेळा करायचं. हे पाणी गाळलेलंच हवं. बेसिनच्या नळाचं भरलं तर ज्या बाजूने प्यायचं पाणी येतं तिथेच जंतू जाऊन बसतात. चांगला फिल्टर असूनही पोट बिघडतं ते बहुधा अशाने. कच्च्या पाण्याने भरलेली पिशवी ओली असताना तिचा थेंब फिल्टरच्या तोंडावर ओघळतो, त्यानेही तेच होतं. गाळलेल्या पाण्याच्या बाटलीवर ठळक खूण करा, आणि त्या बाटलीत कच्चं पाणी कधीही भरू नका.

आट्यांच्या आतला पांढरा वायसर छोटा, पण तो नसेल तर सांध्यातून कच्चं पाणी झिरपून खालच्या बाटलीत पडतं. फिल्टर काढताना तो पिशवीच्या तोंडाला चिकटून येतो आणि बेसिनमध्ये वाहून जातो. दोन जादा वायसर डबीत ठेवाच. पिशवी फुटली तर शीतपेयाच्या नेहमीच्या बाटलीलाही हेच आटे बसतात. पाण्याच्या पातळ बाटल्यांची मान आखूड असते, तिथे भरवसा नाही.

थंड प्रदेशात रात्री ओला फिल्टर पांघरुणात घेऊन झोपावं. आतलं पाणी गोठलं की तंतू तडकतात. बाहेरून काहीच कळत नाही, धारही तशीच राहते. शंका आली तरी तो टाकून द्यावा.

दहा-बारा जणांच्या गटात एकच फिल्टर पुरत नाही. संध्याकाळी सगळे एकदम दमून येतात आणि रांग लागते. दोघांत एक हे प्रमाण ठीक आहे. मिनी नावाचा धाकटा फिल्टर वजनाला हलका आहे, पण धार इतकी बारीक की रोजच्या वापरात हात भरून येतात. तो नकोच.

यजमानाकडे बर्फ घातलेलं सरबत पुढे आलं तर फिल्टरचा काही उपयोग नाही. तिथे उकळता चहा मागावा. चहाला कुणी नाही म्हणत नाही.

परतताना फिल्टर यजमान संस्थेला द्यायचा असेल तर पिचकारी आणि वायसरसकट द्या. उलटी धुलाई त्यांच्याच हाताने एकदा करून घ्या. बरेच दिवस पडून सुकलेला फिल्टर बंद पडल्यासारखा वाटतो. तो कोमट पाण्यात भिजवून मग धुतला की बहुधा धार परत येते, हेही त्यांना सांगून ठेवा.